गांव-गाडा, जजमानी आणि परकी नजर

समाजशास्त्राच्या अभ्यासांत इंग्रजी अमदानींत ज्या कल्पना रुजल्या त्या उपटून काढाव्या व आपल्या समाजाचें ज्ञान आपल्या पायावर उभें करावें, अशी मागणी गेल्या कांहीं वर्षांत विद्यापीठांतून वारंवार ऐकूं येते. ‘ज्ञानाचें निर्वसाहतीकरण’ असें अवजड नांव या मागणीस मिळालें आहे. तें नांवच इंग्रजीवरून बेतलेलें आहे ही गंमत सोडून दिली, तरी प्रश्न खरा आहे व जुनाहि आहे. बंगालचे तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य यांनीं विचारांतील स्वराज्य या विषयावर व्याख्यान दिलें तें स्वातंत्र्यापूर्वीं; पुढें मलेशियांतील सय्यद हुसेन अलातास यांनीं पाश्चात्त्यांच्या अनुकरणांत अडकलेल्या बुद्धीची चिकित्सा १९७० नंतरच्या दशकांत केली. परंतु हल्लीं मराठींत या विषयावर जें लिहिलें जातें त्यांत एक गोष्ट न बोलतां गृहीत धरलेली असते. लिहिणारा आपला, भाषा आपली व शब्द आपले असले म्हणजे ज्ञान आपोआप स्वतंत्र झालें, असें तें गृहीत होय. तें टिकत नाहीं असें आमचें मत आहे, आणि दोन लेखकांच्या ग्रंथांवरून तें दाखविण्याचें येथें योजिलें आहे. पहिले ‘गांव-गाडा’कार त्रिंबक नारायण आत्रे, दुसरे हिरोशी फुकाझावा हे जपानी पंडित.

‘गांव-गाडा’ इ. स. १९१५ सालीं प्रसिद्ध झाला. सरकारच्या महसूल खात्यांत चाकरी करीत असतां खेड्यापाड्यांतून जें पाहिलें तें आत्र्यांनीं त्यांत एकत्र केलें. या ग्रंथाची योग्यता कमी लेखण्याचा आमचा मुळींच विचार नाहीं. त्या वेळीं मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचा विभागहि निघाला नव्हता. तो पॅट्रिक गेडीस यांच्या हातून १९१९ सालीं निघाला. आत्र्यांपुढें नमुने होते ते गॅझेटिअरांचे व शिरगणतीच्या अहवालांचे. असें असून त्यांनीं कुणबी, कारू, नारू, बलुतें, वतन, फिरस्ते हे गांवचे शब्द जसेच्या तसे उचलले, त्यांवरच प्रकरणांची मांडणी केली, आणि कोणत्याहि साहेबाचा सिद्धान्त पुढें न ठेवतां गांवचा व्यवहार गांवच्या बोलींत सांगितला. आम्ही राहतों तें काष्टी हें श्रीगोंदे तालुक्यांतील, दौंड–मनमाड लोहमार्गावरील गांव असून तेथील जनावरांचा आठवडेबाजार दूरवर प्रसिद्ध आहे. त्या बाजारांत उभें राहून हा ग्रंथ वाचणारास पदोपदीं ओळख पटते. रुमालाखालीं बोटांच्या खुणांनीं सौदा करण्याची हेड्यांची व दलालांची जुनी रीत, खोंड आदत आहे कीं दुसा हें दांत पाहून सांगणारा शेतकरी, दावीं-कासरे मांडून बसलेला विक्या, हें सारें जग आत्र्यांच्या चांगल्या परिचयाचें होतें. शंभर वर्षांनीं मोटारी आल्या, भ्रमणध्वनि आले, तरी त्या वर्णनाचा रंग पुष्कळसा टिकून आहे. मराठींत खेड्याविषयीं इतक्या बारकाव्यानें लिहिलेलें दुसरें पुस्तक त्या पिढींत झालें नाहीं.

असो. आतां दोषाकडे वळूं. ग्रंथ पुन्हां वाचतांना मनांत येतें कीं, लेखकानें हें सारें पाहिलें तें कोणत्या विचारणेचें उत्तर मिळविण्यासाठीं? आमच्या मतें ती विचारणा अशी आहे कीं, कुणब्याच्या खळ्यावरील राशींतून कोण कोण किती उचलून नेतो, आणि सरकारचा सारा भरणारा हा कुणबी कशानें खंगतो. विचारणा वाईट नाहीं. १८७५ सालीं सुप्यास सुरू झालेले सावकारांविरुद्धचे दंगे श्रीगोंदे, पारनेर, कर्जत या बाजूस पसरले होते, आणि १८७९ चा शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा त्यांतूनच निघाला. तेव्हांपासून कुणब्याची नड हा या प्रांतांतील प्रत्येक अंमलदाराच्या काळजीचा विषय होऊन बसला होता. आत्र्यांस कुणब्याची कळकळ होती यांत संशय नाहीं, आणि वतनदारांच्या ऐतखाऊपणावर त्यांनीं जे कोरडे ओढले तेहि बहुतेक योग्य ठिकाणीं पडले आहेत. परंतु ही विचारणा मूळची कचेरीची आहे. तिच्या हिशेबांत कुणबी हा भरणारा, आणि जो भरणारा नव्हे तो खाणारा. शब्द गांवचे असले तरी प्रश्न कचेरीचा आहे.

याचा परिणाम फिरस्त्यांवरील भागांत उघड दिसतो. पाल ठोकून राहणारा, गाढवावर बिऱ्हाड लादून फिरणारा, खेळ करणारा, औषधें विकणारा, भिक्षा मागणारा, हे सारे लोक तेथें मुख्यतः गांवावरील भार म्हणून येतात. त्यांचा धंदा काय, तो कोणत्या ऋतूंत कोठें चालतो, गांवास त्याची गरज किती, याची नोंद मधूनमधून येते. पण तिचें मोल जमेच्या बाजूस कोणी धरीत नाहीं. वस्तुतः वडार जातें व पाटा टांकून देई, घिसाडी विळे-कोयते घडवी, कैकाडी कणग्या व पाट्या विणी, लमाण बैलांच्या तांड्यावरून मीठ व धान्य आणी. गांवच्या बलुत्यांकडून जें होत नसे तें हे लोक पुरवीत. दौंड–मनमाड रेल्वे १८७८ सालीं चालू झाली. अशा लोहमार्गांनीं व पक्क्या सडकांनीं लमाणांचा वाहतुकीचा धंदा बसला. ज्याचा धंदा राज्यकर्त्यांच्या सुधारणेनें बुडाला तोच मग राज्यकर्त्यांच्या दृष्टीनें संशयित ठरला. जन्मानेंच गुन्हेगार ठरविणारा कायदा उत्तर हिंदुस्थानासाठीं १८७१ सालीं झाला होता. १९११ च्या कायद्यानें तो मुंबई इलाख्यासहि लागू झाला. त्याच १९११ सालीं आत्र्यांचें ‘गुन्हेगार जाती’ हें पुस्तक निघालें. चार वर्षांनीं आलेल्या ‘गांव-गाड्या’चा वाचक फिरस्त्यांपर्यंत पोंचतो तेव्हां त्याच्या हातांत तोच चष्मा दिलेला असतो. कायदा १९५२ सालीं रद्द झाला, सोलापुरासारख्या ठिकाणच्या काटेरी तारेच्या वसाहती मोडल्या, परंतु पारध्यांचें पाल गांवाशेजारीं पडलें म्हणजे चोरीचा पहिला संशय त्यांवर घेण्याची खोड आमच्या तालुक्यांतून गेली आहे असें म्हणण्यास आमची जीभ रेटत नाहीं.

येथें एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. कैकाडी समाजांत जन्मलेल्या लक्ष्मण माने यांचा ‘उपरा’ १९८० सालीं, आणि लक्ष्मण गायकवाड यांचा ‘उचल्या’ १९८७ सालीं प्रसिद्ध झाला. आत्र्यांनीं ज्यांविषयीं लिहिलें त्यांनींच येथें लेखणी हातीं घेतली. दोन्ही पुस्तकांचा गौरव झाला, दोहोंसहि साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले; पण आम्हीं त्यांस आत्मचरित्रें म्हणून ललित वाङ्मयाच्या कपाटांत ठेविलें, आणि समाजशास्त्राच्या कपाटांत आत्रे राहिले. जो पाहतो तो शास्त्रज्ञ आणि जो भोगतो तो केवळ साक्षीदार, ही वाटणी साहेबाचीच आहे. ग्रंथालयांतील या कपाटांची अदलाबदल झाली असती तर निर्वसाहतीकरणावरील पुष्कळशा परिसंवादांहून अधिक काम झालें असतें.

आतां फुकाझावांकडे येऊं. पण त्यांच्या आधीं एका शब्दाची हकीकत सांगणें जरूर आहे. महाविद्यालयांत समाजशास्त्र शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास ‘जजमानी पद्धति’ हा शब्द शिकवितात, आणि बलुतेदारी हें तिचेंच महाराष्ट्रांतील नांव होय असें सांगतात. हा शब्द शास्त्रांत रूढ केला विल्यम वाइझर या अमेरिकन मिशनऱ्यानें. संयुक्त प्रांतांत मैनपुरी जिल्ह्यांतील एका खेड्यांत राहून त्यानें जें पाहिलें त्यावरून १९३६ सालीं एक लहानसा ग्रंथ लिहिला, आणि त्या खेड्याची व्यवस्था पुढें सर्व हिंदूंची व्यवस्था होऊन बसली. जजमानींत नातें असतें तें घराण्याचें घराण्याशीं. अमुक न्हाव्याचें घराणें अमुक यजमानांची हजामत पिढ्यान्पिढ्या करतें, आणि ते त्यास धान्य देतात. बलुत्याचें तसें नाहीं. बलुतेदार हा गांवाचा असतो. गांवांतील सर्व कुणब्यांचें काम त्यानें करावयाचें आणि सर्वांच्या खळ्यांवरून त्याचें बलुतें त्यास मिळावयाचें. थोरली, मधली व धाकटी अशा ओळी लावून हे हक्क ठरलेले असत. बलुतें हें वतन असल्यामुळें तें वांटतां येई, विकतां येई, आणि त्यावरून तंटा पडला तर गोतसभा बसून महजर होई. नैयायिकांच्या भाषेंत बोलावयाचें तर जजमानीचें लक्षण बलुत्यास लावूं गेल्यास अव्याप्तीचा दोष येतो. लक्ष्यांतला एक मोठा प्रांत लक्षणाच्या बाहेर राहतो, आणि तो बाहेर राहिला हेंच विद्यार्थ्यास कळत नाहीं.

हा दोष कागदांच्या आधारें दाखवून दिला तो फुकाझावा यांनीं, १९७२ सालच्या एका निबंधांत. पुढें तो त्यांच्या मध्ययुगीन दख्खनवरील १९९१ सालच्या लेखसंग्रहांत आला. अठराव्या शतकांतील मराठी कागद चाळून त्यांनीं असा निर्णय दिला कीं, महाराष्ट्रांतील बलुतेदार हा मुख्यतः सबंध गांवाचा सेवक होता, एकेका घराचा नव्हे. निर्णय साधा दिसतो. पण त्यासाठीं वतनाच्या तंट्यांचे निवाडे, वांटण्या, सनदा यांचा कीस काढावा लागतो, आणि तो कोणा मराठी समाजशास्त्रज्ञानें त्यापूर्वीं त्या प्रश्नाच्या रोखानें काढला नव्हता. फुकाझावा महाराष्ट्रीय नव्हते, लेखहि त्यांनीं इंग्रजींत लिहिला; तथापि उत्तर हिंदुस्थानांतून इंग्रजी ग्रंथद्वारा येथें आलेली एक परकी कल्पना ज्यानें हद्दपार केली तो हा परदेशी मनुष्य होय. याचें कारण एवढेंच कीं, ज्यांविषयीं लिहावयाचें त्यांचे स्वतःचे कागद त्यांनीं वाचले. ते कागद छापलेले मिळाले याचें श्रेय राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या १८९८ पासून निघालेल्या खंडांस व १९१० सालीं स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या प्रकाशनांस आहे. ज्यांनीं ते जमविले त्यांचें लक्ष बहुधा राजकारणावर होतें. न्हाव्या-सुताराच्या तंट्याचा कागद कित्येकदां छापला गेला तो त्यांत एखाद्या देशमुखाचें नांव आलें म्हणून. तरी तो छापला गेला, हें उपकारच.

संस्कृताचा अभ्यास असलेल्यास येथें एक मोह पडतो. पाणिनीनें गांवास बांधलेला तो ग्रामतक्ष व स्वतंत्रपणें काम करणारा तो कौटतक्ष, असे सुताराचे दोन शब्द साधून दिले आहेत. काशिकेंत पहिला अनेकांचा साधारण आणि दुसरा कोणाशींहि न बांधलेला, असा खुलासा आहे. बलुतेदार आणि फिरता कारागीर यांतील भेद यापरता स्पष्ट कोणता हवा? परंतु यावरून बलुत्याची चाल पाणिनीपासून अखंड चालत आली असें कोणी सिद्ध करूं लागेल, तर आम्ही त्यास थांबवूं. दोन शब्दांवर संस्थेचा अडीच हजार वर्षांचा इतिहास रचावयाचा ही खोड आमच्या पंडितांची खरी, पण तिला राजमान्यता दिली ती युरोपीय प्राच्यविद्यापंडितांनीं. १९०१ च्या शिरगणतींत रिझली यानें जातींचा उच्चनीच क्रम लावण्याचा घाट घातला, आणि जातोजातींचे अर्ज सरकारांत जाऊन पडले. त्या क्रमाची शिडी त्यानें विलायतेहून आणली नव्हती. वर्णांची शिडी आमच्या स्मृतींतूनच उचलली, आणि नाकाच्या मापांची जोड तेवढी आपली दिली. म्हणून रिझलीस घालवून मनूस बसवूं म्हणणारा स्वदेशी समाजशास्त्रज्ञ हा शिष्यास हांकलून गुरूस बोलावीत आहे, असें आम्हांस वाटतें.

याच्या उलट टोंकाचे लोकहि आहेत. जातिभेद हा मुळीं इंग्रजांनीं शिरगणती करून निर्माण केला, असें ते म्हणतात. पेशवाईंतील ग्रामण्यांचे कागद ज्यांनीं एकदां तरी चाळले आहेत त्यांपुढें हें म्हणणें क्षणभरहि उभें राहत नाहीं. कोणी कोणती क्रिया वेदोक्त करावी, कोणी कसा नमस्कार करावा, यांवर तेव्हां जे कज्जे झाले ते शिरगणतीच्या कितीतरी आधींचे होत. इंग्रजांनीं जात निर्माण केली नाहीं. जी ठिकाणपरत्वें व प्रसंगपरत्वें बदलत होती ती त्यांनीं कोष्टकांत घालून एकाच ठशाची केली, हा त्यांचा खरा अपराध. आणि तो मोजतांना आपला आधींचा अपराध वजा होत नाहीं. डॉ. आंबेडकरांनीं १९१६ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला, त्यांत सेनार, नेस्फील्ड, रिझली व आपले केतकर या चौघांच्याहि व्याख्या त्यांनीं तपासून अपुऱ्या ठरविल्या. साहेब म्हणून कोणी सुटला नाहीं, स्वकीय म्हणूनहि नाहीं. इरावतीबाई कर्व्यांनीं बर्लिनमध्यें ऑयगेन फिशर याच्या हाताखालीं कवट्या मोजल्या. त्या गुरूस जो वंशश्रेष्ठत्वाचा निष्कर्ष हवा होता तो मापांवरून निघत नाहीं असें त्यांनीं लिहून दिलें. यांपैकीं कोणाचेंहि ज्ञान देशी भाषेंत लिहिलें म्हणून स्वतंत्र झालें नाहीं.

कोष्टकांनीं काय होतें हें पाहण्यास आम्हांस श्रीगोंद्याबाहेर जावें लागत नाहीं. जुन्या कागदांत या गांवाचें नांव चांभारगोंदें असें येतें. ज्या नांवांत एका कष्टकरी जातीची खूण होती तें जाऊन श्रीगोंदें झालें. कोणासहि त्याची हळहळ वाटल्याचें ऐकिवांत नाहीं. येथेंच सतराव्या शतकांत ‘योगसंग्राम’कार शेख महंमद होऊन गेले. जन्मानें मुसलमान, मालोजीराजांचे गुरु म्हणून प्रसिद्ध, विठ्ठलभक्तांच्या मांदियाळींत मान असलेला हा पुरुष शिरगणतीच्या कोणत्या रकान्यांत बसवावा? १९११ सालीं गुजरातेंतील कांहीं समाजांस मुंबई इलाख्याच्या अधिकाऱ्यांनीं ‘हिंदु-मुसलमान’ असा मिश्र रकाना दिला होता. शिरगणतीचे मुख्य अधिकारी गेट यांस तो खपला नाहीं. एक कांहींतरी व्हा, असा तो हुकूम होता, आणि तो आपण राज्यकर्त्यांहूनहि अधिक निष्ठेनें पाळीत आलों आहों.

हा वाद केवळ पंडितांचा राहिलेला नाहीं. कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठीं २०२३ सालीं न्या. संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, आणि तहसील कचेऱ्यांतील जन्ममृत्यूचीं पुस्तकें, जुन्या शाळांचीं रजिस्टरें व मोडी दप्तरें यांना एकाएकीं असें महत्त्व आलें कीं मोडी वाचणारे मिळेनात. २ सप्टेंबर २०२५ रोजीं हैदराबाद गॅझेटाचा आधार मराठवाड्यापुरता मान्य करणारा शासन-निर्णय निघाला. त्या वादाचा निवाडा करणें हें या लेखाचें काम नाहीं. परंतु एकाच घराण्यांत पणजोबांची नोंद कुणबी आणि नातवाची मराठा अशी आढळते, ती त्यांतील एक खोटी म्हणून नव्हे. कुणबी हें धंद्याचें, जातीचें व मानाचें, अशा तीन अर्थांचें नांव होतें आणि विचारणारा बदलला कीं उत्तर बदले. शाळेच्या रजिस्टरांतील जातीचा रकाना कसा भरत, हें आमच्या पेशांतील माणसास सांगावयास नको. पालक सांगे तें, न सांगितल्यास आडनांवावरून सुचे तें, आणि पुष्कळदां आधीं नांव घातलेल्या वडील भावाच्या ओळींत असे तें. ज्या कारकुनानें वा मास्तरानें तें लिहिलें त्यास आपण पुढें कोणाच्या नोकरीचा निर्णय करीत आहों याची कल्पनाहि नव्हती. ह्या नोंदी प्रमाण मानावयाच्या असतील तर मानाव्या. पण त्या कोणीं, केव्हां, कशासाठीं लिहिल्या हें प्रत्येक नोंदीबरोबर छापावें, एवढी मागणी इतिहाससंशोधकांनीं तरी करावयास हवी होती. ती फारशी कोणीं केलेली आमच्या पाहण्यांत नाहीं.

सर्व जातींची गणना याआधीं छापून निघाली ती १९३१ ची. २०२७ च्या जनगणनेंत ती पुन्हां करण्याचा निर्णय केंद्र सरकारनें ३० एप्रिल २०२५ रोजीं घेतला, आणि १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भदिवस ठरला. घर नसलेल्यांची मोजणी अशा वेळीं एका रात्रींत उरकतात. २०११ सालीं ती २८ फेब्रुवारीच्या रात्रीं झाली. काष्टीच्या बाजारतळावर व लोहमार्गाच्या कडेस त्या रात्रीं ज्यांचीं पालें पडलेलीं असतील त्यांच्यापुढें प्रगणक म्हणून बहुधा एखादा शाळामास्तरच जाऊन उभा राहील. आपण कोण, हें त्यांच्या तोंडून आलेलें नांव तो जसेंच्या तसें लिहून घेतो कीं यादींतलें जवळचें नांव शोधून देतो, आणि त्यानंतर धंदा काय म्हणून विचारण्यास थांबतो कीं पुढच्या पालाकडे वळतो, इकडे आमचें लक्ष राहील.